त्र्याण्णवावी आकृती

तामिला : पट्टीच वाकडी असेल.

येफिम : याच पट्टीनं तू सगळे तुकडे कापलेस.

तामिला : मग दिवा हलतोय. नीट धर ना!

येफिम : धरलाय, बाई. बघ, या पंचकोनावर पट्टी टेकवली की मधून उजेड येतो. पृष्ठ सपाट नाही, आत दबलंय.

(लेनिनग्राड. चार बिऱ्हाडांचं सामाईक स्वयंपाकघर. टेबलावर पुठ्ठ्याची, कोबीच्या गड्ड्याएवढी घनाकृती.)

तामिला : केसाएवढं! पुठ्ठा आहे तो, पोलाद नाही.

येफिम : तेच म्हणतोय. पुठ्ठा सांभाळून घेतो. गणित घेतं का?

तामिला : उद्या चर्चासत्रात उभं राहायचंय मला! प्रत्येक पृष्ठाच्या बाजू सारख्या, कोन सारखे, कुठं खळगा नाही. नेहमीच्या सोडल्या तर अशा आकृत्या ब्याण्णवच, असं सगळे मानतात. आणि मी विभागप्रमुखांना छातीठोकपणे सांगून बसले, त्र्याण्णवावी माझ्या घरात आहे म्हणून!

येफिम : कोनांचा हिशेब केला होतास?

तामिला : आत्ता केला. जमत नाही. जरासंच, पण जमत नाही. आधी करायला हवा होता, कळतंय मला! पण ती मिटली होती रे, फीमा. हातात घट्ट मिटलेली.

येफिम : हळू बोल. शेजारच्या क्लावाकाकू जाग्याच आहेत.

तामिला : असू देत! मूर्ख आहे मी. नुसती मूर्ख... थांब. हा खळीचा डाग कसला? अंगठा आहे हा. तुझा.

येफिम : चिकटवायचं काम माझंच असतं ना.

तामिला : मधोमध अंगठा? कडा सोडून?

येफिम : शेवटचा तुकडा बसत नव्हता. दाबून धरला, खळ वाळेपर्यंत.

तामिला : आणि बोलला नाहीस!

येफिम : वाटलं, माझाच हात बोजड. आणि तू क्लावाकाकूंना मिठी मारून नाचत होतीस. त्या बाईशी वर्षभर अबोला होता तुझा.

तामिला : ...कात्री दे.

येफिम : फाडू नकोस गं. राग माझ्यावर काढ.

तामिला : तो काढणारच आहे. पण फाडत नाही. तू दाबून चिकटवलेली कड तेवढी सोडवते. फट किती राहते, ते उद्या सगळ्यांसमोर दाखवायचंय मला.

येफिम : आणि मी काय करू?

तामिला : तू दिवा नीट धर.