बावीस हजारांची दिवाळी

श्रद्धा : यादी पुढे वाचा. की संपली आपली दिवाळी?

दत्तप्रसाद : संपली कशी? फराळाचं सामान, दोन हजार.

श्रद्धा : दोन हजारांत फराळ? तळायचा कशात, पाण्यात?

दत्तप्रसाद : यंदा अनारसे राहू दे. चकल्या थोड्या कर. अवनीचा फ्रॉक नऊशे, मायची साडी नऊशे, मुक्ताईला भाऊबीज पाचशे. कंदील गेल्या वर्षीचा आहे माळ्यावर.

श्रद्धा : त्याची एक बाजू उंदरांनी खाल्लीये.

दत्तप्रसाद : ती बाजू भिंतीकडे करायची.

श्रद्धा : अख्ख्या बिबवेवाडीत असा हिशेबी माणूस मिळायचा नाही. झाले चार हजार तीनशे. बोनस बावीस हजारांचा. मधले सतरा हजार सातशे इतक्या बारीक अक्षरात लिहिलेत की मला चष्मा लागेल.

दत्तप्रसाद : गाडीभाडं आहे ते.

श्रद्धा : माहितेय मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

दत्तप्रसाद : मी काय करू? एरवी अकराशेला मिळणारी सीट ट्रॅव्हल्सवाला एकतीसशेला देतोय. येताना अठ्ठावीसशे. आपण तिघं. आज संध्याकाळपर्यंत काढली नाहीत तर उद्या पस्तीसशे म्हणाला.

श्रद्धा : आणि सुरुचीताई पण आज संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत.

दत्तप्रसाद : कुठल्या सुरुचीताई?

श्रद्धा : आता मात्र कमाल झाली. मागच्या गल्लीत बुटिक आहे त्यांचं. ते बंद करून मुलाकडे बंगळूरला चालल्यात. त्यांचं ओव्हरलॉकचं मशीन अठरा हजारांना देतायत, टेबल, मोटर सगळ्यासकट. तीन वेळा सांगितलं तुम्हाला. तिन्ही वेळा "हो" म्हणालात.

दत्तप्रसाद : मशीन म्हणजे ते होय. मला वाटलं नंतर कधीतरी.

श्रद्धा : गेल्या वर्षीही नंतरच होतं. त्याच्या आदल्या वर्षी मंडईतल्या त्या दुकानात मी मशीनला हात लावून आले होते. दिवाळीला गावी जाऊन आलो आणि हातात चारशे रुपये उरले. आठवतंय?

दत्तप्रसाद : तुझं शिवणाचं मशीन आहे की चांगलं.

श्रद्धा : अहो, त्यावर गाऊन शिवून होतो. आतली कड बांधायला ओव्हरलॉक लागतं, नाहीतर दोन धुण्यांत दोरे निघतात. म्हणून रोज पंधरा गाऊन पिशवीत कोंबून वर टेकडीवरच्या अप्परला चढून जायचं, गाऊनमागे सहा रुपये तिथल्या ओव्हरलॉकवाल्या बाईला द्यायचे आणि तिची वेळ होईपर्यंत तिच्या दारात बसायचं. घरी मशीन असेल तर गाऊनवाला दिवसाला तीस नग द्यायला तयार आहे. मला पैठणी नकोय, अंगठी नकोय. एवढं एकच हवंय.

दत्तप्रसाद : आणि मायला काय सांगू? चौदा वर्षं झाली पुण्यात येऊन, एक दिवाळी चुकवली नाही मी. मुक्ताई वर्षातून एकदा ओवाळते मला. बाबा पहाटे चारला फाट्यावर येऊन उभे असतात, गाडी सहाला येणार हे माहीत असून.

श्रद्धा : मी कुठे म्हणते जाऊच नका? दिवाळी उलटून गेल्यावर जाऊ. तेव्हा एसटीत बसायला जागा मिळते, बायकांना अर्धं तिकीट आहे, अवनीलाही अर्धंच. ट्रॅव्हल्सवाल्याचं घर भरायला आपणच का?

दत्तप्रसाद : दिवाळी उलटून गेल्यावर कोण दिवाळीला जातं?

श्रद्धा : जाऊ दे. काढा तिकिटं.

दत्तप्रसाद : अशी बोलू नको.

श्रद्धा : कशी बोलू मग? येताना दरवर्षी बसमध्ये मला रडू येतं. तुम्हाला वाटतं, गाव सोडून निघालो म्हणून रडते. मी पुढचे दोन महिने कसे काढायचे ते मोजत असते. एवढंच असतं ते.

दत्तप्रसाद : हे कधी बोलली नाहीस.

श्रद्धा : तुम्ही इतके खुशीत असता. बोलून काय करू?

दत्तप्रसाद : थांब. फोन वाजतोय. मायचाच आहे.

(दत्तप्रसाद फोन स्पीकरवर ठेवतो. पलीकडून त्याची आई द्वारका, वाशीमजवळच्या गावातून.)

द्वारका : हॅलो, दत्ता? जेवले का रे तुमी?

दत्तप्रसाद : हाव माय, जेवलो. तू?

द्वारका : झालं माहं बी. काढले का तिकिटं? तुहे बाबा सकायपासून तीन डाव इचारून राहिले.

दत्तप्रसाद : माय, ते... यंदा सुट्टीचं कठीण दिसते. मालक नाही म्हणून राहिला. गोडाउनमध्ये माल मोजायचा हाय म्हणते, दिवाळीतच.

द्वारका : म्हंजे येनं नाई होत?

दत्तप्रसाद : नाही जमणार बहुतेक.

द्वारका : अस्सं. बरं मंग. बरंच झालं बाप्पा.

दत्तप्रसाद : काय?

द्वारका : नाई, म्हंजे नोकरी पह्यले. नोकरी सांभाय तू. आमचं काई नाई.

दत्तप्रसाद : माय, तू "बरंच झालं" म्हणाली.

द्वारका : मी कुठं म्हनली?

श्रद्धा : म्हणालात आई. मी पण ऐकलं.

द्वारका : श्रद्धा, तू बी हायेस का व तिथं? तोंडातून निंगालं माह्या. राग नोका धरू.

दत्तप्रसाद : राग नाही माय. पण वाईट वाटलं मले. मी येत नाही म्हटल्यावर तुले बरं कसं काय वाटलं?

द्वारका : सांगू का खरं? तुह्या बाबाले नोको सांगजो. दसऱ्याले सोयाबीन घरात येते. तुमी येनार म्हनून आमी ते खयावरूनच इकतो, पोते बी मोजून होत नाईत. त्या टायमाले भाव पाडूनच मांगतात, सारंच गाव घाईत असते. थोडं थांबलं तं बरा भाव येते. पन थांबाव कसं? घर रंगवा लागते. पुन्याची सून येनार.

श्रद्धा : आई, माझ्यासाठी घर रंगवता तुम्ही?

द्वारका : मंग? आन अवनीचं एका साली पोट बिघडलं होतं तं तवापासून पान्याचे जार आनतो शहरातून, पाच दिवस. गाद्या बिछायतवाल्याच्या. त्यानं गेल्या साली एका गादीवर डाग पडला म्हनून दोनशे जास्तीचे घेतले.

श्रद्धा : त्या गाद्या भाड्याच्या होत्या? मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आमच्या सासरी किती मऊ गाद्या आहेत म्हणून.

द्वारका : चांगल्या होत्या ना पन?

श्रद्धा : खूप चांगल्या होत्या. आई, मला चटईवर झोप लागते हो. आमच्याकडे इथेही दोन कॉटना तीन माणसं आहेत.

दत्तप्रसाद : चौदा वर्षांत एका शब्दानं बोलली नाही तू, माय.

द्वारका : तू इतक्या दुरून पैशे खर्चून येतं. म्या काय हिशेब सांगत बसू? मले बी तुमाले पाह्याव वाटते, दत्ता. तुमी आले की घर भरल्यावानी वाटते. पन गेले की तुहे बाबा आन मी दोघं पोते मोजतो, किती उरले ते.

श्रद्धा : आई, एक सांगते. सुट्टीचं खरं नाहीये. ह्यांना मालकाने अजून सुट्टी नाकारलेली नाही.

दत्तप्रसाद : श्रद्धा.

श्रद्धा : नाही, सांगू दे. त्या एवढं खरं बोलल्या, आपण काय खोटं ठेवायचं? मला शिवणासाठी एक मशीन घ्यायचंय, आई. अठरा हजारांचं. गाडीभाडं आणि मशीन, दोन्ही एका बोनसमध्ये बसत नाही. म्हणून हे तुम्हाला सुट्टीचं सांगत होते.

द्वारका : दत्ता, खरं का हे?

दत्तप्रसाद : हाव.

द्वारका : लहानपनी बी असाच होता. खोटं बोलताना "बहुतेक" म्हनते. म्या तवाच ओयखलं.

दत्तप्रसाद : मंग बोलली काऊन नाही?

द्वारका : म्हनलं सुनंच्या माहेरी जात असन दिवाळीले. त्याचं मले वाईट वाटलं असतं, खरं सांगतो. मशीनचं नाई वाटत. थ्या मशीननं काय होते व श्रद्धा?

श्रद्धा : कपड्याची आतली कड बांधली जाते. दोरे निघत नाहीत. दिवसाला पंधराच्या जागी तीस गाऊन होतील, आणि अप्परचा चढ वाचेल.

द्वारका : आन हे त्याले आज समजलं?

श्रद्धा : चौथ्यांदा सांगितल्यावर.

द्वारका : त्याच्या बापाले पाचव्यांदा समजते. आयक. कार्तिकी पुनवेपावतर भाऊबीज चालते आमच्याइकडं. तवा या. मुक्ताईले मी फोन करीन, तिले बी दिवाळीत पोरांची धावपयच असते. सोयाबीन घरातच ठेवतो तवपर्यंत. भाव वाढला तं वाढला, नाई वाढला तं घाईत इकल्याचं दुख तं नाई.

दत्तप्रसाद : आन बाबा?

द्वारका : त्याहिले रुसू देईन दोन दिवस. मंग जेवतीन.

श्रद्धा : आई, घर रंगवायचं नाही. आणि बिछायतवाल्याला सांगायचं नाही.

द्वारका : पान्याचा एक जार आनीन. अवनीसाठी. त्यात बोलू नोको.

श्रद्धा : नाही बोलत.

द्वारका : आन फराळ मी पुनवेलेच करीन. आता करून कोनाले चारू? ठेवतो मी. गॅसवर दूध हाय.

श्रद्धा : ठेवला फोन. अहो, कसला विचार करताय?

दत्तप्रसाद : लक्ष्मीपूजनाला मी तिथे नसणार. पहिल्यांदाच. मला अजून ओळखू येईना, वाईट वाटतंय की हलकं वाटतंय.

श्रद्धा : दोन्ही वाटू द्या. मला पण दोन्ही वाटतंय. आईंना मी इतकी वर्षं हौशी समजत होते. नवी चादर, नवा रंग, नवी साडी. मनात म्हणायचे, ह्यांच्याकडे बरंय, आपलीच ओढाताण.

दत्तप्रसाद : माय पण तुला तेच समजत असेल. गाडीतून नवा ड्रेस घालून उतरतेस.

श्रद्धा : तो पण उतरायच्या आधीच्या थांब्यावर घालायचे मी.

दत्तप्रसाद : दे तो कागद. गाडीभाडं खोडलं. मशीन अठरा हजार. उरले चार. फ्रॉक नऊशे, भाऊबीज पाचशे. फराळाला सव्वीसशे येतात आता.

श्रद्धा : आणि आईंची साडी?

दत्तप्रसाद : ती बसत नाही यात.

श्रद्धा : ती माझ्याकडे. पौर्णिमेपर्यंत महिना आहे. त्यांना गाऊन आवडेल का हो? दोन शिवते. जाड कापडाचे, तिकडे थंडी पडलेली असेल. एसटीचं भाडं पण मशीनच काढेल.

दत्तप्रसाद : माय गाऊन घालेल?

श्रद्धा : बाबांना आधी रुसू द्यायचं, मग आई घालतील.

दत्तप्रसाद : चल, उठ. सुरुचीताई थांबल्या असतील. टेम्पोला किती घेईल?

श्रद्धा : मागच्या गल्लीतून कसला टेम्पो? भाजीवाल्याची हातगाडी मागू. तुम्ही ढकला.

दत्तप्रसाद : आणि ठेवायचं कुठे? खिडकीपाशी ठेवू. तिथे उजेड चांगला येतो.

श्रद्धा : तिथे तुमची कॉट आहे.

दत्तप्रसाद : सरकेन की मी.