टाकाऊ तेल मिळेल का हो?

...म्हणे टाकाऊ तेल! अहो, पाळी गावापासून साखळीच्या बाजारापर्यंत बालदी घेऊन वणवण फिरलो मी, कोणी टाकलेला एक थेंब दाखवा मला! तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या ट्रकापायी. गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, खनिज वाहायचं थांबलं, डिझेलला पैसे राहिले नाहीत आणि माझा दहा चाकांचा ट्रक खिडकीसमोर असा बसला, की कोंबड्या त्याच्याखाली अंडी घालायला लागल्या. आमची बायको प्रभावती रोज सुरू, "भंगारांत घालात तो, जनेलांतल्यान उजवाड येना!" खिडकीतून उजेड येत नाही म्हणून भंगारात? ज्या ट्रकाने घर बांधलं, बहिणीचं लग्न लावलं, तो भंगारात?

तेवढ्यात उगवला मेहुणा. रुद्रेश. केमिस्ट्री शिकलेला. "भावोजी, तळलेल्या तेलाचं डिझेल होतं! हॉटेलवाले गटारात ओततात, फुकट! थोडं मिथेनॉल, थोडा कॉस्टिक सोडा, गरम करा, ढवळा, झालं. टाकाऊच ते!"

झालं! गोठ्यात पिंप मांडलं, बालदी उचलली आणि गाठलं साखळीचं रघुनाथचं भज्यांचं दुकान. हा माणूस वर्षानुवर्षं मागच्या गटारात तेल ओतणारा, त्यावरून घसरून मी स्वतः आपटलोय! म्हटलं, रघुनाथा, ते काळं तेल देतोस? त्याने झारा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, बालदीकडे बघितलं... "कितले दितलो, तें सांग पयलीं!" अरे! काल गटारात आणि आज भाव? दुसऱ्या दिवशी गेलो तर डब्याला कुलूप! पुढच्या दुकानात मी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. गिऱ्हाईक मी एकटा, मग भाव चढवला कोणी? मीच! विचारून विचारून!

तरी घेतलं थोडं, शिजवलं. आता भज्यांच्या तेलात पाणी, पीठ, मीठ, काय नसतं? सकाळी बघतो तर डिझेल कुठलं, पिंपभर साबण! रुद्रेश मान खाजवत, "रिअ‍ॅक्शन जराशी चुकली, भावोजी." प्रभावतीने त्या साबणाने ट्रक धुवून काढला. म्हणे टाकाऊ तेल!

मग आली गणपतीची चवथ. म्हटलं, आता घरोघरी नेवऱ्या, तुमच्या करंज्या हो, तळणार, कढयाच्या कढया! शेजारच्या शांतावहिनींकडे गेलो, तर त्या डोळे वटारून, "तेल उरतां? पिशें लागलां काय तुमकां?" वेड्यातच काढलं मला! नेवऱ्यांचं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला, त्यातून उरलं तर आदोळीच्या, म्हणजे विळीच्या पात्याला, त्यातूनही उरलं तर दाराच्या बिजागरीला! आमच्या बायकांच्या हातात तेल संपतं, वाया जात नाही. मग मी काय केलं? हसू नका हं! नव्या तेलाचे डबे आणून वाड्यावर घरोघरी वाटले. म्हटलं, तळा मनसोक्त, उरेल ते मला. चवथ सरल्यावर परत काय आलं? तांब्याभर तेल आणि ताटंच्या ताटं नेवऱ्या! आठवडाभर नेवऱ्या खात त्या ट्रकाकडे बघत बसलो, रडू येत होतं.

शेवटी प्रभावतीच वैतागली, "काळें तेल जाय जाल्यार आमीच तळुया मरे!" हवंय ना काळं तेल, मग आपणच तळायचं! ट्रकापुढे टेबल टाकलं, शेगडी मांडली. मिरची भजी, बटाटवडे... आणि तुम्हाला सांगतो, झुंबड! बसचे ड्रायव्हर, शाळेतले मास्तर, सगळे रांगेत. बघता बघता काळ्या तेलाने पिंप भरलं. हात शिवशिवले माझे! रुद्रेशला बोलावलं. त्याने आकडेमोड केली, खोडली, परत केली. "काय झालं रे?" "भावोजी, मिथेनॉल धरलं, जळण धरलं, की आपलं डिझेल पंपापेक्षा महाग पडतंय. पणजीहून एक कंपनीवाला गोळा करायला येतो, त्याला हे काळं तेल विका, आणि त्या पैशांत पंपावरच डिझेल भरा."

भरलं बाबा, भरलं! आणि ट्रक सुरू झाला. धुरळा उडवत रस्त्याला लागला तेव्हा डोळे भरून आले हो माझे, प्रभावतीनेसुद्धा नारळ फोडला. आता रोज सकाळी दहा चाकांवर साखळीला जातो. काय आणायला म्हणता?

...एक पोतं बेसन आणि दोन डबे तेल.