गाडीमागचं पाणी

तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेवरच्या कापिकुले नाक्यावरची रांग एवढी लांब, की तिच्यात शिरलेला कलिंगडवाला पुढे पोचेपर्यंत आजोबा झाला असता. माझ्यापुढे सुट्टी संपवून जर्मनीतल्या घरी परतणारं एक तुर्की जोडपं होतं, रिझा आणि सेवगुल. त्यांच्या गाडीतून वाफ येत होती.

"रेडिएटर कोरडा पडला, सेवगुल."

"पडणारच! यंदा निघताना गाडीमागे पाणी कोणी ओतलं?"

"इंजिनाला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं कळत होतं. तुमच्या आई तांब्या ओतून ओरडायच्या, पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या. कधी पंक्चरसुद्धा झालं नाही."

"आई नाही आता."

"म्हणूनच म्हणते. आता परत या म्हणणारं कोण आहे?"

रिझा माझ्याकडे वळला. "काका, थोडं पाणी आहे का हो?"

"आख्खा कॅन आहे, घे पोरा."

"झालं! सुरू झाली बघ."

"थांबा हो. काका, उरलंय का?"

"तांब्याभर असेल, पोरी."

"आम्ही निघालो की मागे ओताल?"

"काहीतरीच काय, सेवगुल!"

रांग हलली. मी पाणी ओतलं आणि 'पाण्यासारखे परत या' म्हणून असा ओरडलो, की पलीकडच्या बल्गेरियन शिपायाची टोपी उडाली. गाडी चार हात जाऊन पुन्हा थांबली. काचेतून रिझाचं डोकं बाहेर आलं.

"काका, अजून एकदा म्हणा ना."