दहा जास्त

—नाही नाही साहेब, गल्ल्याला हात लावू नका, तो मीच मोजणार, तुम्ही नुसतं बघा. मुख्य ऑफिसातून आलात म्हणून काय झालं, ज्याच्याकडे किल्ली त्यानंच आधी मोजायचं हा तुमच्याच ऑफिसाचा नियम— बटणं, चेन, लेस, अस्तर, जे काय विकायचं ते विकून झालं की साडेसहाला दार ओढायचं, मशीनची पट्टी काढायची, पट्टीवरचा आकडा बघायचा आणि ड्रॉवरमधले पैसे मोजायचे. जुळलं तर सही ठोकून घरी. नाही जुळलं तर पलीकडच्या गल्ल्यावरच्या माणसानं उठून यायचं, समोर बसून पुन्हा सगळं मोजायचं आणि दोघांनी सही करायची. अकरा वर्षं हेच करतेय मी, झोपेतही करीन. आणि आज तुम्ही न सांगता-सवरता उगवता, ते पण दार ओढायच्या वेळेला, आणि म्हणता की महिनाभर तुमच्या गल्ल्यात जवळजवळ रोज दहा जास्त येतात, आजही आले तर तुम्हाला वर गोदामात बसवणार— कशाला, तर बटणांच्या पुड्या बांधायला. माझ्या जावयाच्या वयाचे आहात म्हणून बोलत नाही.

आणि जास्तच येतात ना? कमी तर येत नाहीत? मग बिघडलं काय? हो, माहितीये मला, जास्त आले म्हणजे कुणाला तरी मोड कमी दिली, गिऱ्हाइकाला फसवलं, असं तुमच्या फायलीत असणार— पण विचारा या रस्त्यावर कुणालाही, माझ्याकडून कुणाला एक नाणं तरी कमी गेलंय का. उलट शिंपीकाका चार वेळा उरलेले पैसे इथेच विसरून गेलेत आणि मी चारही वेळा त्यांच्या मागे धावत गेलेय, या गुडघ्यांनी. मशीन म्हणाल तर जुनं आहे. नाणी म्हणाल तर एकदा पाचच्या ढिगात पितळेचं बटण निघालं होतं, चार भोकांचं, ते मी दोनदा मोजलं. होतं असं. काय? पलीकडचे? छे, त्यांचा काय संबंध. त्यांच्यावर संशय घ्याल तर मी आत्ता उठून जाईन. अहो, तो माणूस नोट हातात घेतली की आधी तिचे कोपरे सरळ करतो, मग मोजतो. बोट ओलं करायला ओल्या स्पंजाची डबी ठेवतो, जिभेला कधी लावणार नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली पण शर्टाचं एक बटण तुटलेलं दिसलं नाही मला, स्वतः टाचतात, आणि दोरा अगदी त्याच रंगाचा— हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुम्ही विचारलंत म्हणून. नाही विचारलंत? बरं, राहू दे.

तर मुद्दा दहाचा. तो नाण्याचाच असतो नेहमी, नोटेचा नाही, कारण नोट चटकन डोळ्यात भरते, नाणं ढिगात मिसळून जातं— आणि पर्सची चेन फार वाजते हो, म्हणून मी सहा वाजल्यापासूनच ते रुमालात गुंडाळून—

पेन खाली ठेवा आधी. ठेवा म्हणते ना.

हो. मीच टाकते. माझेच टाकते, माझ्या पगारातले, ऑफिसाचे नाही. ते मागचा दरवाजा लावायला जातात ना, तेवढ्यात टाकते. असं बघू नका माझ्याकडे, चोरी तर काढण्यात असते, घालण्यात कसली चोरी? कमी करून चाललं नसतं का, असं विचारताय? चाललं असतं, पण कमी आले की पगारातून कापतात आणि हे गृहस्थ स्वतःच्या खिशातून भरायला निघतात, एकदा निघाले होते, मला लाज वाटली. म्हणून जास्त. जास्त आलेल्याचा कुणाला राग येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, तिथेच फसले मी.

कशासाठी म्हणजे काय, एवढं सांगितलं तरी कळत नाही? लग्न झालंय ना तुमचं? जुळलं की ते आपली पिशवी उचलून निघतात, मी माझी उचलून निघते, त्यांचा रस्ता डावीकडे, माझा उजवीकडे. संपलं. घरी लेकीचा फोन, तो रविवारी. बाकी सहा दिवस मी आणि कुकर. पण नाही जुळलं, की ते इथे समोर येऊन बसतात, वीस मिनिटं तरी, आणि मोजता मोजता बोलतात— एरवी दिवसभर शब्द नाही, पण हातात नोटा आल्या की सुटतात, नातू काय म्हणाला, सून भाजीत मीठ कमी का घालते. आणि मी काय करते माहितीये? ते बासष्ट, त्रेसष्टपर्यंत आले की मी काहीतरी विचारते. मुद्दाम. मग ते विसरतात, मान वर करून बघतात आणि म्हणतात, कुठे होतो आपण? आपण, हं. ‘मी’ नाही म्हणत, ‘आपण’ म्हणतात. मग पहिल्यापासून. एकदा सव्वासात वाजवले मी असे, शंभराच्या नोटांवर. हसताय तुम्ही. हसा. मला आवडतं ते सगळं, खोटं कशाला बोलू, पोटातून आवडतं, या वयात. गोदामात बसवलंत तर माझं काय जाणार, पगार तोच, खुर्चीही तीच— पण ती वीस मिनिटं जातील. ते लिहा तुमच्या फायलीत.

काल? हो, काल जुळलं होतं, बरोबर आहे तुमचा कागद. काल सुट्टं दहाचं नाणंच नव्हतं माझ्याकडे, सकाळी दूधवाल्याला गेलं. ते आले, जुळलं का विचारलं, मी म्हटलं जुळलं. बरं झालं, म्हणाले. मग पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, दिव्याचं बटण दोनदा बघितलं आणि गेले. मला वाटलं पाय दुखत असतील.

आणि आज तर तुम्हीच आडवे आलात, त्यामुळे आज टाकायला मिळालंच नाही. हे बघा, मुठीत आहे अजून, घामेजलं बिचारं. म्हणजे आज जुळणार, अगदी चोख जुळणार, तुम्ही खूश, ऑफिस खूश, आणि उद्यापासून मीही शहाण्यासारखी वागेन, झालं? ही पट्टी. सकाळी मोडीसाठी ठेवलेले हजार धरून नऊ हजार दोनशे पंधरा. मोजा माझ्याबरोबर. पाचशेच्या अकरा. शंभरच्या एकतीस— मध्ये बोलू नका, ते काम माझं. पन्नासच्या सात. झाले आठ हजार नऊशे पन्नास. दहाची नाणी... सोळा, सतरा, अठरा. पाचची एकोणीस, बटण नाही, बघितलं. म्हणजे नऊ हजार दोनशे...

पंचवीस.

थांबा. तुमच्या यंत्रावर करा बघू. किती? पंचवीसच? पण मी नाही टाकलं. अहो खरंच नाही टाकलं, हे काय, मुठीत आहे, आत्ता दाखवलं ना तुम्हाला. आज एकाही गिऱ्हाइकाची मोड चुकली नाही, पाऊस नव्हता, गर्दी नव्हती, मी एकेक करून दिली. मग दहा आले कुठून? हां, पाचच्या सुमाराला ते आले होते, शंभराची नोट घेऊन, मोड द्या म्हणाले, दहाची नाणी. मी लेस मापत होते, म्हटलं घ्या तुम्हीच ड्रॉवरमधून. घेतली त्यांनी, माझ्यासमोर, एकेक मोजून, आवाज येत होता. मी विचारलंसुद्धा, नीट मोजलीत ना? मोजली, म्हणाले. आणि तो माणूस मोजण्यात चुकत नाही, साहेब. अकरा वर्षांत कधी नाही. म्हणजे शंभर ठेवले आणि नऊच नाणी घेतली.

नऊ.

काही नाही. काही झालं नाही मला, पाणी नको. तुम्ही फाईल उघडा, लिहा काय लिहायचं ते, मी नाही अडवणार. लिहा, आजही दहा जास्त, कारण समजलं. गोदाम तर गोदाम. आणि आता ते स्टूल जरा रिकामं करा, मागचा दरवाजा लागला बघा, येतील ते एवढ्यात. नाही, तुम्ही थांबायची गरज नाही. हिशोब जुळला नाही की दोघांनी बसून मोजायचा, असं लिहिलंय नियमात. तिसऱ्याचं काही लिहिलेलं नाही.