देवघराचे चिकटलेले दार

अहो, रंगाऱ्याने आमच्या देवघराची लाकडी दारे रंगवली आणि रंग ओला असतानाच लावून टाकली. दुसऱ्या दिवशी घाटनांदूरचे व्याही जेवायला आले, तर दारे उघडेनात. स्वयंपाक तयार, पण आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी घास घेत नाही.

व्याही म्हणाले, "इवाई, दिवसभर नाव घेता देवाचं, तरी देव दार उघडंना व्हय?"

मी म्हणालो, "देवाची ना नाही हो. रंगाने धरून ठेवले आहे."

"सरका तुमी!" म्हणत त्यांनी असा हिसका दिला की मूठच उपटून हाती आली.

मग मी सावकाश फटीतून ब्लेड फिरवले, बिजागऱ्यांत साचलेला रंग खरवडला, बाहेर ठेवलेल्या समईतले थोडे तेल सोडले आणि दार हलके हलके मागेपुढे केले. दार उघडले. सर्वांत आधी हात जोडले ते व्याह्यांनीच. कानाशी येऊन म्हणाले, "एकच आरती म्हणा हां. पोटात लई आग पडलीय."

मी पाचही म्हटल्या, मंत्रपुष्पांजलीसह.