जिवंत माणसांचे हार

मी, जगदीश गंगाराम तांडेल, वय ४९ वर्षे, धंदा जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन, शिक्षण सातवी, मूळ गाव दाभोळ खाडीकाठी, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार बेडोक, सिंगापूर, पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगतो की, माझे इंग्रजी यार्डापुरते आहे. म्हणून हा जबाब मी मराठीत देत आहे. दुभाषी म्हणून श्री. निशिकांत सबनीस शेजारी बसले आहेत.

शनिवारी सकाळी मी आंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला आणि काही न खाता लिटल इंडियात गेलो. तेथे फूलवाल्याकडे मोगऱ्याचा हार मागितला. त्याने विचारले, "वेडिंग? टेम्पल?" मी म्हणालो, "फोटो." त्याने हार केळीच्या पानात बांधून दिला. पुढे काही विचारले नाही.

हार माझा धाकटा भाऊ दर्शन याच्या फोटोसाठी होता. दर्शन मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनीअर होता. दोन वर्षांपूर्वी जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीत असताना तो पहाटेच्या पाळीला इंजिनरूममध्ये उतरला नाही. जहाजभर शोधले. मागच्या डेकवर त्याचे हातमोजे मिळाले. जहाज परत फिरवले, आसपासच्या बोटींना कळवले, पुढे शोध थांबला. माझे बालपण वडिलांच्या होडीत गेले आहे. पाणी माणसाला किती वेळ ठेवते ते मला ठाऊक आहे. याविषयी जास्त सांगत नाही.

दर्शनची पत्नी रश्मी बालवाडीत शिकवते. मुलगी किमया नऊ वर्षांची आहे. दोघी माझ्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. रश्मी दर्शनला बेपत्ता म्हणते. मीही तिच्यासमोर तसेच म्हणत आलो.

आमच्या भागात कम्युनिटी क्लबचा कलामहोत्सव आहे. त्यात ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, 'बंदराची माणसे' नावाचे फोटोंचे प्रदर्शन लावले आहे. बंदरावर काम करणारे, जहाजांना जेवण पुरवणारे, लाँच चालवणारे, असे आजूबाजूचेच लोक त्यात आहेत. रश्मीने दर्शनचा बॉयलर सूटमधला हसरा फोटो दिला. कलेसाठी दिला नव्हता. बंदरातले कोणी पाहील, ओळखेल, म्हणून दिला होता. बेडोकच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटने त्या फोटोवर बातमी केली. ती वाचून समोरच्या इंडोनेशियातल्या बाटम बेटावरून एका माणसाचा फोन आला की असा इसम जेट्टीवर हमाली करताना पाहिला आहे.

रश्मी फेरीबोटीने बाटमला गेली. तो इसम दुसरा निघाला. ती पुढच्या रविवारीही गेली. मग दर रविवारी मुलीला घेऊन जाऊ लागली. मागच्या आठवड्यात तिने मला सांगितले, "भाऊजी, मी राजीनामा दिलाय. किमयाचं शाळेतलं नावही काढते. तिकडेच खोली घेऊन राहिलं तर रोज शोधता येईल." मी म्हणालो, "बघू." मला दुसरे म्हणायचे होते.

आमच्या गावात समुद्रावरून न परतलेल्या माणसाच्या फोटोला घरातल्या सर्वांत मोठ्याने पहिला हार घालायचा असतो. तोवर घर वाट बघते. हार पडला की वाट बघणे संपले. त्यानंतर कोणी कोणाला काही सांगावे लागत नाही. आमचे वडील नाहीत. मोठा मी आहे. मला तोंडाने बोलणे जमत नव्हते, म्हणून मी हार आणला.

शनिवारी अकराच्या सुमारास मी दर्शनच्या फोटोला हार घातला आणि हात जोडून उभा राहिलो. प्रदर्शनाच्या व्यवस्थापक मिस लिम जवळ आल्या. त्या चांगल्या बाई आहेत. म्हणाल्या, "सो ब्यूटिफुल, अंकल. युवर कस्टम?" मी म्हणालो, "येस, अवर कस्टम." त्यांनी विचारले, "टू गिव्ह रिस्पेक्ट, आह?" मी पुन्हा येस म्हणालो. हार कोणाला घालतात ते मी सांगितले नाही. ते मला इंग्रजीत आले असते. डेड हा शब्द मला येतो.

रविवारी रश्मी बाटमच्या फेरीला निघण्यापूर्वी मी तिला म्हणालो, जरा खाली येऊन दर्शनचा फोटो बघून जा. किमया पाठीला बॅग लावून आली. आम्ही व्हॉइड डेकवर पोहोचलो तेव्हा सगळ्या फोटोंना हार घातलेले होते. नूडल्सच्या स्टॉलवाल्या आजी, लाँच चालवणारे मलय काका, सगळे हारात. दर्शन त्यांच्यातच होता. मिस लिम यांनी माझे ऐकून आदल्या संध्याकाळी सगळ्यांसाठी हार मागवले होते. मला पाहून त्यांनी लांबून अंगठा दाखवला.

तेथे आमचे ओळखीचे मरीन इंजिनीअर नरेश कांबळे आले होते. त्यांचाही फोटो प्रदर्शनात आहे. ते स्वतःच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. मला म्हणाले, "तांडेलसाहेब, बघा! मला जिवंतपणीच मोकळं केलं. आता तेराव्याला लाडू तरी करा." मग ते रश्मीला म्हणाले, "वहिनी, आमच्या बायकोला, दीक्षाला, याचा फोटो पाठवला तर ती विचारते, विम्याचे कागद कुठे ठेवलेत?"

रश्मी हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दोन वर्षांत मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते. मग तिने दर्शनच्या फोटोवरचा हार दोन्ही बाजूंनी सारखा केला आणि मला म्हणाली, "मी घाबरलेच होते हो भाऊजी. पण सगळ्यांनाच घातलेत. म्हणजे हे तसलं काही नाही. उलट शुभच." तिने मोबाइलवर फोटो काढला. बाटमच्या जेट्टीवर लोकांना दाखवायला हा चांगला आहे, चेहरा स्वच्छ दिसतो, असे ती म्हणाली. किमयाला म्हणाली, "चल, फेरी चुकेल."

त्यानंतर मी हार काढायला सुरुवात केली. प्रथम नरेश यांचा काढला. ते म्हणाले, "अहो, राहू द्या, मी गंमत केली." मग स्टॉलवाल्या आजींचा, मग लाँचवाल्या काकांचा. मिस लिम धावत आल्या आणि "अंकल, अंकल, व्हाय?" असे विचारू लागल्या. मी पुढचा हार काढत राहिलो. फोटो जाळीच्या उभ्या पडद्यांवर टांगलेले आहेत. एक हार तारेत अडकला होता. तो मी ओढला आणि पडदा माझ्या बाजूला कलंडला. तीन फोटोंच्या काचा फुटल्या. पडदा सावरताना मिस लिम यांच्या तळहाताला काच लागली. त्यांना इजा करण्याचा माझा हेतू नव्हता. त्यांची मी तेथेच माफी मागितली आणि येथेही मागतो. त्यांच्या तक्रारीत लिहिलेले खरे आहे. मी दारू प्यालेलो नव्हतो. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाच्या फोटोचा अपमान करायचा नव्हता. ती माणसे जिवंत आहेत, म्हणून त्यांचे हार काढले. काढलेले हार मी जमिनीवर टाकले नाहीत. खांद्यावर घेतले होते.

सुरक्षारक्षकाने मला खुर्चीवर बसवले आणि पोलिसांना फोन केला. नरेश यांनी मिस लिम यांच्या हाताला रुमाल बांधला. काचा झाडून झाल्या. तोपर्यंत फेरीची वेळ टळून गेली होती. रश्मी मुलीचा हात धरून तेथेच उभी होती. प्रदर्शनात आता एकाच फोटोवर हार होता.

किमया म्हणाली, "मोठे काका, पप्पाचा वन ऑल्सो टेक डाउन, लाह. यू फर्गॉट."

मी म्हणालो, "विसरलो नाही, बाळा. तो मी घातलाय."

रश्मीने विचारले, "म्हणजे?"

मी म्हणालो, "शनिवारी सकाळी. बाकीचे या बाईंनी घातले. तो मी."

ती म्हणाली, "भाऊजी, असं करू नका. काढा तो. काढा ना." आणि ती स्वतः फोटोकडे निघाली.

मी खुर्चीवरून उठलो. रक्षकाने मला अडवले नाही. मी फोटोच्या आणि तिच्या मधे उभा राहिलो आणि म्हणालो, "रश्मी, दर्शन मेला. त्याच पहाटे मेला. तो बाटमला नाही आणि कुठेच नाही. मी घरचा मोठा म्हणून सांगतो. पोरीला घेऊन घरी जा."

त्यावर तिने काय केले, याचा या तक्रारीशी संबंध नाही.

दर्शनच्या फोटोवरचा हार अजून तसाच आहे. तो काढणार का, असे येथे विचारण्यात आले. नाही.

श्री. सबनीस यांनी हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले ते यात आले आहे आणि जे सांगितले नाही ते घातलेले नाही. सही करतो.

जगदीश गंगाराम तांडेल