चेहरा नंतर बघू

...आणि वर मलाच म्हणतो, ‘आजोबा, चित्राला खेटून उभं राहू नका!’ अहो, तुम्हाला सांगतो, माझाच चेहरा, भिंतीवर टांगलेला, माझ्याहून दुप्पट मोठा, आणि तो संग्रहालयाचा रखवालदार मलाच दोरीच्या मागे ढकलतोय! मी म्हटलं, बाबा रे, हा मी आहे. तर म्हणतो, ‘असे दोन-तीन जण रोज येतात.’ येतात? माझा चेहरा घेऊन कोण येतात?... जाऊ दे. मी काही बोलणारा माणूस नाही. तेहेतीस वर्षं न बोलणं हेच माझं काम होतं. पण आता फार झालं, म्हणून सांगतो.

मी मूळचा हमाल. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर दयाळू म्हणून. एकदा एक भलंमोठं लाकडी खोकं पाठीवर घेऊन तीन जिने चढलो. दार उघडलं एका लुकड्या माणसाने, कोपरापर्यंत रंगाने बरबटलेला. मी आत शिरून विचारतोय, साहेब, कुठे ठेवू, तर तो ओरडला, ‘ठेवू नका! तसेच उभे राहा!’ पाठीवर साठ किलो, आणि हा गेला कागद-कोळसा शोधायला! पाऊण तास, तुम्हाला सांगतो, पाऊण तास तो माझ्या मागे बसून खरडतोय आणि माझे पाय लटलट कापतायत. शेवटी म्हटलं, साहेब, निदान पुढे येऊन बघा तरी, कोणाला मारताय ते. तर मागून आवाज आला, ‘मामा, हलू नका. चेहरा नंतर बघू.’

झालं! त्या दिवशी जे चिकटलो ते चिकटलोच.

तो चित्रकार म्हणजे विचित्रच माणूस. त्याच्या वेळचे सगळे चौकोन काढत होते, गोल काढत होते, कोणी नुसताच रंग फेकत होतं. हा माणसं काढायचा. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याच्या हाताखाली शिकलेला. लग्न केलं नाही. म्हणायचा, ‘घरात हलणारी माणसं नकोत.’ पुढे पुढे तर कोणाला भेटेनासा झाला. शेवटची अठरा वर्षं दार माझ्याशिवाय कोणाला उघडलं नाही. फोटो काढू दिला नाही. आणि मी? मी रोज सकाळी नऊला हजर, शर्ट काढायचा, स्टुलावर बसायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. माशीला मुभा, मला नाही! आणि दर वेळी काय? पाठ झाली, हात झाले, पावलं झाली, आणि मी मान जरा वळवली की, ‘मामा, हलू नका. चेहरा नंतर बघू.’

आता मी कुठे कुठे आहे सांगू? पाठ मोठ्या बँकेत आहे, काउंटरच्या वर. हात कोर्टात, न्यायाधीशांच्या खोलीत. पावलं आणि गुडघे डोळ्यांच्या दवाखान्यात, तिथे निम्म्या लोकांच्या डोळ्यांना पट्टी! एवढा मी गावभर पसरलोय, पण एकाही ठिकाणी मान आहे आणि वर मी आहे, असं नाही. डोकी सगळी दुसऱ्यांची!

आमची ही एकदा बँकेत गेली. लांबूनच ओळखलं तिने, माझ्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे ना, त्यावरून. आनंदाने जवळ गेली तर वर मागे वळलेलं डोकं आमच्या घरासमोरच्या न्हाव्याचं! घरी आली ती तणतणत. ‘अहो, मी काय त्या न्हाव्याबरोबर संसार केला का? धड माझ्या नवऱ्याचं आणि तोंड त्या चोंबड्याचं! इतकी वर्षं जाऊन बसताय, उबवलंत तरी काय?’ मी म्हटलं, अगं, चेहरा शेवटी करणार आहे तो, शब्द दिलाय. ‘शब्द कशाला, तोंड द्या म्हणावं!’

तुम्ही म्हणाल, म्हातारबुवा, एवढं काय त्या चेहऱ्याचं? अहो, काय म्हणजे? माणूस मेल्यावर त्याची पाठ ओळखून कोण रडतं? एकदा, एकच चित्र, ज्याच्याखाली उभं राहून ही बाई चार लोकांना सांगेल की हे आमचे... एवढंच हवं होतं.

आणि मग गेल्या वर्षी, तुम्हाला सांगतो, एक दिवस तो म्हणाला, ‘मामा, उद्या चेहरा.’

काय धांदल उडाली घरात! दाढी दोनदा केली. नवीन कवळी केली होती, ती हिने घासूनपुसून बसवली, इस्त्रीचा शर्ट घातला, जिना चढताना घामाने चेहऱ्याची चमक जाऊ नये म्हणून दर मजल्यावर थांबलो. वर गेलो, हसलो. तर तो किंचाळला, ‘हे काय तोंडात घातलंय? काढा ते!’ मी कवळी काढली. गाल आत गेले. तो जवळ आला, हनुवटी धरून इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि काय खूश झाला म्हणता! ‘वा! तेव्हा नुसतं तोंड होतं, मामा. आता चेहरा झालाय. एवढी पडझड व्हायला वेळ लागतो. मी वाट बघत होतो.’

ऐकलंत? मी समजत होतो, मान म्हणून शेवटी ठेवलंय. आणि हा माणूस तेहेतीस वर्षं माझे दात पडायची वाट बघत होता! अढीत फळ पिकायला घालतात तसा मला घातला होता!

बावीस दिवस बसलो. रोज शिव्या. ‘डोळ्यांत काहीच नाही, मामा. गोदामाचं दार आहे नुसतं. कोणाचा तरी विचार करा!’ मी न्हाव्याचा केला, मास्तरांचा केला. ‘नाही, नाही, दार!’ मग सतराव्या दिवशी काय झालं, निघताना हिने कवळी रुमालात गुंडाळून माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, ‘तो गेला उडत. काम झालं की जिन्यातच घाला, असं पडकं तोंड घेऊन रस्त्याने येऊ नका. माझ्याशिवाय कोणी बघायचं नाही ते.’ आणि खिसा वरून थोपटला. एवढंच. पण स्टुलावर बसल्यावर ते आठवलं, आणि चित्रकार असा दचकला! ‘हेच! हलू नका! श्वास घेऊ नका!’

पाच दिवसांत डोळे झाले. एक कान राहिला. म्हणाला, ‘उद्या कान, परवा सही.’ दुसऱ्या दिवशी गेलो तर दार उघडं, आणि तो माझ्या स्टुलावर, भिंतीला टेकून. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा तो हलत नव्हता आणि मी हलवत होतो.

आता त्याला नात्याचं कोण, तर एक पुतणी, कुठल्या कुठे राहणारी, काकाला वीस वर्षं न बघितलेली. ती आली. खोलीत एकच ताजं चित्र, सही नाही, नाव नाही, म्हातारा माणूस, दात नाहीत. काका म्हातारा, काका एकटा. तिने ठरवलं, हे काकाचं स्वतःचं चित्र! काकाने आरशात बघून काढलेलं शेवटचं! वर्तमानपत्रात त्याच्या मरणाची बातमी, आणि फोटो माझा! सकाळी न्हावी धावत आला, ‘मामा, तुम्ही गेलात की काय?’ मी दारात उभा, आणि तो माझ्याकडून उत्तर घेतोय!

मग प्रदर्शन. संग्रहालयाचा दुसरा मजला, शेवटचं दालन, एका भिंतीवर मी एकटा. खाली पाटी: ‘चित्रकार स्वतः’. जन्माचं साल, मरणाचं साल. आणि लोक काय बोलतायत! ‘स्वतःशी किती निर्दय आहे बघा. किती विद्रूप दाखवलंय स्वतःला! आणि तो न काढलेला कान... जगाचं काही ऐकायचं नव्हतं त्याला.’ अहो, कसलं जगाचं, त्याला जेवायला बसायचं होतं म्हणून कान राहिला!

आमची ही चित्रासमोर आली, अगदी दोरीपर्यंत गेली. मग मोठ्याने म्हणाली, ‘अगं बाई! हे तर आमचे हे!’ सगळं दालन वळलं. एका बाईने हिच्या खांद्यावर हात ठेवला, ‘म्हणजे तुम्ही त्यांच्या...?’ ‘मग? दुसऱ्या कोणाची असणार?’ खुर्ची आली! पाणी आलं! ‘फार सोसलं असेल ना तुम्ही, अशा माणसाबरोबर?’ आणि ही सुटली. ‘विचारूच नका! सकाळी जे जायचे ते संध्याकाळी. घरात चार शब्द बोलले असतील तर शपथ!’ ती बाई वहीत लिहून घेतेय. मी म्हटलं, अगं, मी इथे उभा आहे. बाईने विचारलं, ‘हे कोण?’ ही बोलण्याच्या भरात म्हणाली, ‘ते घरचेच.’

घरचेच! आणि तासभर त्या खुर्चीत बसून चित्राकडे बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी ठरवून हिला घेऊन गेलो, पुतणी येणार होती. मी सगळं सांगितलं. ती गोड आवाजात म्हणाली, ‘आजोबा, म्हातारपणी सगळे चेहरे सारखेच दिसतात. आणि काकांवरचं माझं पुस्तक छापून झालंय, वर हेच चित्र आहे.’ मी म्हटलं, थांबा. आणि कवळी काढली. हातात घेऊन त्या चित्राखाली उभा राहिलो, मान तश्शी वळवली, आणि तेहेतीस वर्षांचं सगळं सांगायला लागलो, तर शब्दच होईनात. फुस-फुस, फस-फस! लाळ शर्टावर. लोक हसतायत. रखवालदार म्हणतो, ‘आजोबा, ते आत ठेवा, आत ठेवा!’

पुतणी हिच्याकडे वळली. ‘आजी, आता तुम्हीच सांगा. हे चित्र यांचं आहे?’

मी निर्धास्त. जिने बँकेत वीस हातांवरून डाग ओळखला, ती नाही ओळखणार? हिने माझ्याकडे बघितलं. चित्राकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, ‘नाही हो. आधी मलाही वाटलं होतं. पण मग तासभर समोर बसले ना, नीट बघितलं. हे आमचे नव्हेत.’

‘कशावरून, आजी?’

‘एक तर आमच्यांना दोन कान आहेत. आणि दुसरं म्हणजे... हा माणूस माझ्याकडे बघतोय. आमच्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडे असं बघितलेलं नाही.’

आता घ्या! अगं, तुझाच विचार करत होतो गं, रुमालात कवळी बांधलीस त्या दिवसाचा, हे सांगायला तोंडात दात नव्हते, ते हातात होते. उभा राहिलो. हललो नाही. सवय.

पाटी तशीच आहे. पुतणीला एवढं बरं वाटलं की तिने रखवालदाराला सांगून टाकलं, आजी येतील तेव्हा खुर्ची ठेवा. आता ही दर गुरुवारी जाते. नवी साडी नेसून जाते, तुम्हाला सांगतो! त्याच्यासमोर बसते, तोही बघतो, हीही बघते, आणि मी दोरीच्या मागे पिशवी धरून उभा. येताना रस्त्यात मला ऐकवते, ‘बघा, शिका जरा त्याच्याकडून. बायकोकडे कसं बघायचं ते.’

म्हणून हल्ली रोज सकाळी आरशासमोर बसतो. कवळी काढून. प्रयत्न करतो.

जमत नाही हो.